सातव्या देवळातली आखणी

१

पेणमध्ये गणपती घडवणारे हात पुष्कळ, पण डोळे लिहिणारे थोडे. सोवळं पिवळं करा, शेला गुलाबी करा, चुकलं तर वरून दुसरा हात मारा. डोळ्यांना मात्र ही सवलत नाही. दाजींच्या कारखान्यात ते काम प्रणिताकडे होतं. ती डोळ्यांच्या आखणीला बसली की बाकीच्या बायका गप्पा आवरत्या घेत आणि कुणीतरी उठून रेडिओ बंद करी. तिने आखलेल्या मूर्तीसमोर खोलीत कुठेही उभे राहा, गणपती तुमच्याकडेच बघतोय असं वाटायचं. मुंबईची गिऱ्हाइकं तर 'त्या बाईंच्या हातचा' म्हणून मागून न्यायची.

दिवसभर दुसऱ्यांना नजर देणाऱ्या या बाईची स्वतःची नजर मात्र घरी आली की स्वस्थ बसत नसे. ती नवऱ्यावर असे.

नितेश नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. उंच, हसरा, आणि एसटीच्या रांगेतल्या माणसाशीसुद्धा दोन मिनिटांत घरोबा करणारा. लग्नात मैत्रिणी 'नशीब काढलंस गं' म्हणाल्या आणि प्रणिता त्याच दिवसापासून धास्तावली. कोणाशी बोलत होतास? कुठं बघत होतास? हसलास का? हे तीन प्रश्न ती फोडणीत मोहरी टाकावी तितक्या सवयीने टाकायची. सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. मग चिडू लागला. यंदा विसर्जनानंतर तिने विचारलं तेव्हा तो चिडलासुद्धा नाही.

"मी थकलो, प्रणिता," तो म्हणाला. "बायको बघते तशी तू बघत नायस. वॉचमन बघतो तशी बघतेस. हे असंच राहणार असेल तर मी कंपनीजवळ खोली घेतो. तू इथं राहा."

 दोन दिवसांनी त्यानेच तोड काढली. त्याला मोबाइलवर फिरस्त्या पोरांचे व्हिडिओ बघायचा नाद होता. पाठीवर सॅक टाकायची, जुन्या देवळांच्या गावात जाऊन राहायचं, ठरवलेलं काही नाही. तसं आपण जाऊ म्हणाला, दोघंच. दोन सॅक आणल्यासुद्धा. सासूबाईंनी, गोदूबाईंनी, त्या उचलून बघितल्या आणि म्हणाल्या, "पाठीवर बोजा घेऊन फिरायचीच हौस असेल तर धरमतरच्या जेट्टीवर जा की. ते लोक वर पैसे देतात."

"एकच अट," नितेश प्रणिताला म्हणाला. "तिथं एकदाही विचारायचं नाय."

"नाय विचारणार," ती म्हणाली, आणि गणपतीची शपथ घेतली. संसार वाचवायची ही शेवटची खेप आहे हे तिला न सांगता कळलं होतं.

२

सातदेवळी हे रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या काठाला लागून असलेलं गाव. दगडी देवळं सात, म्हणून नाव सातदेवळी. ती कुणी बांधली हे विचाराल तर गावातली सात माणसं सात उत्तरं देतील. पूर्वी तिथे शिवरात्रीला असायची तेवढीच काय ती गर्दी. मग कुणा परदेशी पोराने चार फोटो टाकले आणि गावाचं रूपच पालटलं. आता प्रत्येक पडवीत दोरीचा झोपाळा, प्रत्येक दाराला वाय-फायचा पासवर्ड चिकटवलेला, आणि तांदळाच्या भाकरीच्या जोडीला बनाना पॅनकेक. भात कापणीला आलं होतं. बांधावरून ढगळ विजारी घातलेली गोरी पोरं चालत होती आणि कापणारी माणसं त्यांच्याकडे मान वर करूनसुद्धा बघत नव्हती.

मोटरसायकल अंगणात लावून त्यांनी रंभाबाईंच्या घरी खोली घेतली. रंभाबाई साठीच्या, सडपातळ, बोलायला चटपटीत. "घर आपलंच समजा," त्या म्हणाल्या, "पण मोरीत चपला घालून जायाचा नाय."

पडवीत एक मुलगी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. आखूड केस, नाकावर उन्हाने आलेले ठिपके, पायात भलेमोठे बूट. बघताक्षणी परदेशी. तिने मान वर केली आणि विचारलं, "जेवलाव काय?"

नितेश बघतच राहिला. मग असा हसला, की तसं हसणं प्रणिताने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मुलीचं नाव लीया. ती इस्रायलची, पण तिची आजी रोह्याजवळच्या अष्टमी गावची, इथल्या शनवार तेली ज्यूंपैकी. आजी लहानपणीच आईबापांबरोबर तिकडे गेली, आणि जाताना जी मराठी घेऊन गेली ती तिने नातीला जशीच्या तशी दिली. लीयाला 'मोबाइल चार्जिंगला लाव' म्हणता येत नव्हतं, पण न्हाणी, उखळ, वैल हे सगळे शब्द पाठ होते. "आज्जी सांगायची, अष्टमीला आमचा तेलाचा घाणा होता," ती म्हणाली. "शनवारी बंद. घर बघाया आली, पण आता थयं मोबाइलचा दुकान हाय."

"अष्टमीची? म्हणजे तू तर आमच्याच घरची!" नितेश म्हणाला, आणि सॅक पाठीवरून न उतरवता पायरीवर बसला.

संध्याकाळभर ते दोघं शब्दांची देवाणघेवाण करत होते. प्रणिता शेजारीच होती. तिला कुणी वगळलं नव्हतं. उलट लीया मधूनमधून तिचा हात धरून "तू सांग गो" म्हणायची. तेच तर वाईट होतं. परकी म्हणून तोडून टाकावी तर ती आजीच्या मराठीत बोलणार, आणि आपली म्हणून झापावी तर ती पाहुणी. प्रणिताला मत्सर वाटला, अगदी घशाशी आंबट यावं तसा वाटला. शपथ आठवून ती सुपातले खडे वेचू लागली.

३

दुसऱ्या दिवशी तिघंही देवळं बघायला निघाली. दोघंच का नाही, हे प्रणिताने विचारलं नाही.

पहिली सहा देवळं रस्त्याला लागून होती. सातवं खाली नदीकडे, बांबूच्या बेटामागे. तिकडे फारसं कुणी जात नसे, कारण फोटो काढण्यासारखं तिथे काही नव्हतं. बुटकं देऊळ, कळस पडलेला. आत गारवा, वटवाघळांचा वास, आणि छतातून कुठूनतरी पाण्याचा थेंब पडत होता. टप्, मग बऱ्याच वेळाने टप्.

समोर एक उभी शिळा होती. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावून लावून तिला गुळगुळीत जाड कातडी आली होती. नाकाचा उंचवटा होता, ओठांची खाच होती, कपाळ होतं. डोळे नव्हते. झिजलेले असते तर खुणा राहिल्या असत्या. तिथे नुसता सपाट, तुळतुळीत शेंदूर.

कोकणात शिळेला डोळे नसले तर चांदीचे चिकटवतात. नवस फेडायला ती एक सोपी वस्तू आहे. इथे ओटीचे खण होते, नारळ होते, बांगड्या होत्या. डोळे कुणी वाहिले नव्हते. प्रणिताच्या बोटांना कसंतरीच झालं. कारखान्यात रांगेने बिनडोळ्यांच्या मूर्ती असतात, पण त्या आज ना उद्या तिच्यापुढे यायच्या असतात. बिनआखणीचं तोंड तसंच सोडून जायची तिला सवय नव्हती.

घरी परतल्यावर तिने रंभाबाईंना विचारलंच. "त्या खालच्या देवीला डोळे का नाय हो काकी?"

रंभाबाई मासे साफ करत होत्या. "नाय," त्या म्हणाल्या.

"कुणी लावत का नाय?"

"बरी हाय गो ती तशी," रंभाबाई म्हणाल्या, आणि बोंबील किती खाणार ते विचारू लागल्या.

४

दुपारचं जेवण झाल्यावर लीयाने नदीवर जायचं काढलं. टायरच्या ट्यूबमध्ये बसून पाण्याबरोबर खाली यायचं, असा एक खेळ तिथे चालायचा. नितेश लहान पोरासारखा तयार झाला. प्रणिता म्हणाली, माझं डोकं दुखतंय. खरंतर तिला पोहता येत नव्हतं, आणि ते लीयासमोर सांगायची लाज वाटत होती. नितेश थोडा घुटमळला. "मग मी पण नाय जात," म्हणाला.

"जा," ती म्हणाली. "मी काय विचारणारय का?"

हे त्याला टोचलं असावं. तो गेला.

ती पडवीत बसून राहिली. नदीवरून लीयाचं हसणं वर येत होतं. त्या हसण्यामागे नितेशचा आवाज. शब्द कळत नव्हते, नुसते आवाज, आणि शब्दांपेक्षा ते वाईट. तिने पर्समधून रुमाल काढायला हात घातला तर हाताला झिरो नंबरचा ब्रश लागला, आणि रंगाच्या दोन छोट्या बाटल्या. हंगामात गिऱ्हाईक ऐन वेळी घरी बोलावतं, म्हणून त्या पर्समध्येच असत. काढायच्या राहून गेल्या होत्या.

आपण सातव्या देवळाकडे का चाललो, हे तिने स्वतःला नीट विचारलं नाही. कामात हात गुंतले की डोकं शांत होतं, एवढंच तिला माहीत होतं.

देवळात टप् टप् चालूच होती. ती शिळेसमोर मांडी घालून बसली, करंगळी शेंदराच्या गालावर टेकवली. शेंदूर तेलकट, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही, गोळा होऊन ओघळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्याचा पहिला फटकारा तिने नुसता बघण्यापुरता मारला. रंग धरला. जणू शेंदूर तो पितच होता.

मग हात आपोआप चालला. पांढरं, त्यावर वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ. कारखान्यात ती या वेळी मनात काही आणत नसे. आज मन रिकामं होईना. नदीवरचं हसणं आत येत होतं आणि ती बुबुळं भरता भरता ओठांतल्या ओठांत म्हणत होती, बघ, नीट बघ. दुसरीकडे बघायचं नाय. नजर हलवायची नाय. कुणाला म्हणत होती कोण जाणे. तिच्या डोळ्यांसमोर तर नितेशच होता.

शेवटचा असतो तो चमकेचा ठिपका. बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा. डाव्या डोळ्यात बरोबर बसला. उजव्याला ब्रश टेकवला आणि नदीवरून लीया किंचाळून हसली. प्रणिताचा हात कधी हलत नसे; तो हलला. ठिपका वर बसला, पापणीच्या रेघेला जवळजवळ चिकटून.

ती मागे सरकून बघू लागली. काम छान झालं होतं. डावीकडे सरकली, नजर तिच्यावर. उजवीकडे सरकली, नजर तिच्यावर. ही हातचलाखी तिचीच, त्यामुळे तिला भीती वाटायचं कारण नव्हतं. बाटल्यांची झाकणं लावताना मात्र तिच्या लक्षात आलं, की पाण्याचा थेंब पडायचा थांबला आहे.

५

ती दोघं ओलेत्याने परत आली तेव्हा प्रणिता पडवीत बसली होती. लीया लांबूनच ओरडून काहीतरी सांगत होती. नितेशने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो सरळ प्रणितासमोर येऊन उभा राहिला.

"कुठं गेली होतीस?"

"इथंच होते."

"नाय. कुठं गेली होतीस?"

आवाजात राग नव्हता. तिला गंमत वाटली, आणि खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. ती कुठेही गेली तरी त्याला फिकीर नसायची, निदान तिला तसं वाटायचं.

जेवताना तर तिचं पोट आनंदानेच भरलं. लीया नदीची गोष्ट रंगवून सांगत होती. नितेश ट्यूबमधून कसा उलटला, कसा गटांगळी खाऊन वर आला. "मंग वर आला आणि नुसता उभा. मी हाक मारते, हा वळत नाय," लीया म्हणाली. "घराकडेच बघतो." ती त्याच्या तोंडापुढे हात हलवून हसली. तो हसला नाही. तो प्रणिताकडे बघत होता. ताटाकडेही नाही, प्रणिताकडे. तिच्या मनात नगारे वाजत होते. जिंकले गं बाई, तिला वाटलं. घे तुझी ती आजी आणि तिचा घाणा. आणि जिंकणाऱ्याला सुचतं तसं औदार्य सुचून तिने लीयाला स्वतःच्या ताटातला तळलेला बोंबील दिला.

मग नितेशने काटेरी माशाचा अख्खा तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागला. काटे मोडल्याचा आवाज पंगतीत सगळ्यांना ऐकू आला. पेणचा माणूस, जन्मापासून मासे खाणारा. त्याच्या ओठाच्या कडेला रक्ताचा ठिपका आला. तो प्रणिताकडे बघत होता आणि चावत होता.

"अरे, काटे!" ती म्हणाली.

"तू आत्ता रंभाकाकींकडं का बघितलंस?" त्याने विचारलं.

६

उजाडताना तिला जाग आली. खिडकीतून करडा उजेड येत होता. नितेश कुशीवर, तिच्याकडे तोंड करून, डोळे उघडे.

"झोप नाय लागली?" तिने विचारलं.

 मग तिला कळलं की तो घोरतोय. संथ, नेहमीसारखा, नाकात जराशी शिट्टी वाजवत. डोळे टक्क उघडे, आणि ती उठून बसली तशी ते तिच्याबरोबर वर आले.

कंपनीतल्या धुराने डोळे कोरडे पडतात, त्याने मागे कधीतरी सांगितलं होतं. काही माणसांच्या पापण्या झोपेत पुऱ्या मिटत नाहीत. तिच्या मामाच्या मिटत नसत. काल पाण्यात उलटला, मार लागला असेल, पेणला गेल्यावर डॉक्टरला दाखवू. अशी एकावर एक कारणं तिने रचली आणि ती चहा करायला बाहेर आली. पाठीवर मात्र कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं वाटत राहिलं.

लीया निघाली होती. तिची सॅक पडवीत बांधून तयार. तिने प्रणिताला मिठी मारली आणि हळूच विचारलं, "तुझा नवरा माझ्यावर रागावला काय गो? काल नदीवरून आला तवाधरनं माझ्याकडे बघतच नाय. मी काय चुकली?"

"तू काय नाय चुकलीस," प्रणिता म्हणाली. हे तिने मनापासून म्हटलं, आणि तिला लीयाला थांब म्हणावंसं वाटलं. कालपर्यंत जिचं हसणं सोसवत नव्हतं तिला! पण एसटी यायची वेळ झाली होती.

ती चहा घेऊन खोलीत गेली. नितेश खिडकीसमोर बसला होता. त्याच्या दोन्ही बुबुळांत खिडकीची चमक होती, पांढरे दोन ठिपके. प्रणिताने आयुष्यात हजारो डोळ्यांत ती चमक टाकली होती, तिचं लक्ष तिथेच जाणार. ती कप पुढे करत खिडकी आणि तो यांच्या मध्ये आली. त्याच्या तोंडावर तिची सावली पडली.

चमक गेली नाही.

तिने सरकून पुन्हा बघितलं. दारातून उजेड, खिडकीतून उजेड, सावली; ठिपके जागच्या जागी. डाव्या डोळ्यातला मधोमध होता. उजव्यातला वर होता, पापणीला जवळजवळ चिकटून.

"हसलीस का?" नितेश म्हणाला.

ती हसली नव्हती.

७

ती धावतच सातव्या देवळात गेली. आत टप् टप् पुन्हा सुरू झाली होती. शिळेचं तोंड सपाट होतं. पांढऱ्याचा डाग नाही, काळ्याची रेघ नाही, ओघळ नाही. तुळतुळीत शेंदूर.

पाण्याचा रंग तेलावर राहत नाही, ती स्वतःशी म्हणाली. थेंब उडून उडून धुपला. हे खरं वाटावं म्हणून तिने खाली वाकून ओघळाचा डाग शोधला. जमीन कोरडी होती.

रंग करताना दाजी नेहमी एक सांगायचे, आणि कारखान्यातल्या नव्या बाया त्यावर हसायच्या. "डोळे लिहिताना घाबरू नका गो. आत कोण नाय अजून. आपण आधी डोळे देतो, देव मागाहून येतो, लोकांच्या घरी." प्रणिता इतकी वर्षं याच भरवशावर कुठल्याही तोंडासमोर निवांत बसत आली होती. रिकाम्या घराला खिडक्या बसवायच्या, त्यात भ्यायचं काय! इथे ती तशीच बसली होती. इथे मात्र घर रिकामं नव्हतं.

दारात कुणीतरी आलं. रंभाबाई होत्या, हातात हळदीकुंकवाचं तबक. त्यांनी प्रणिताकडे बघितलं, शिळेकडे बघितलं, आणि मग प्रणिताच्या बोटाकडे, जिथे नखाच्या कडेला काळा रंग राहिला होता.

"काय केलंस गो बाय," त्या म्हणाल्या.

"पुसलंत का तुम्ही काकी? सांगा ना, तुम्हीच पुसलंत ना?"

रंभाबाई उत्तर देणार होत्या. पण मागे पाचोळा वाजला, त्यांनी वळून बांबूच्या बेटाकडे बघितलं आणि झर्रकन पदर तोंडावर ओढला. प्रणिताने त्यांच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. नितेश वाटेवर उभा होता. पायांत चप्पल नाही. येताना काट्यांतून सरळ आला असावा, कारण पोटऱ्या ओरबाडलेल्या होत्या.

"कोणाशी बोलत होतीस?" त्याने विचारलं.

"त्याला घेऊन जा," रंभाबाई पदराआडून म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता जा. आनि माझ्याकडं बघू नको. त्याला आवडाचा नाय."

८

मोटरसायकल नितेशच चालवणार होता. प्रणिताला चालवता येत नव्हती. एसटीने जाऊ, ती म्हणाली. तो म्हणाला, एसटीत माणसं असतात. त्याला तिथे सोडून एकटी निघायचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण तो तिचा नवरा होता, आणि हा नवरा राखण्यासाठीच तर तिने जिवाचा इतका आटापिटा केला होता. पेणला पोहोचू, दाजींकडे नेऊ, डॉक्टरकडे नेऊ. तिने देवाला हात जोडले, सॅक पाठीला लावली आणि ती मागे बसली.

रोह्यापर्यंत तो बरा चालला. बाजारात गर्दी होती. एका दुकानात पणत्या मांडल्या होत्या, तिची नजर तिकडे गेली, आणि तत्क्षणी नितेशने मान मागे वळवली. पूर्ण, हनुवटी खांद्यावर येईपर्यंत. मोटरसायकल सरळ चालतच होती. हेल्मेटच्या फटीतून फक्त डोळे दिसत होते.

"कुठं बघत होतीस?"

"कुठं नाय! समोर बघ, अरे समोर!"

एक सायकलवाला शिव्या देत बाजूला झाला. प्रणिताची नजर गडबडीत हँडलवरच्या आरशावर पडली, आरशातल्या डोळ्यांवर. नितेशने लगेच मान सरळ केली. त्याला ती आरशात सापडली होती.

अष्टमीचा पूल आला. खाली कुंडलिका संथ वाहत होती. तिने ती बघितली नाही, पाण्याचा नुसता वास घेतला. आपण आरशातून नजर काढली नाही तर तो मान वळवत नाही, एवढं तिला उमगलं होतं, आणि तेवढ्यावर ती तग धरून होती. पण तो आरशात बघत होता, रस्त्यावर नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी तिने पापणी लवू दिली नाही. तिथे, त्या वाटोळ्या काचेत, दोन ठिपके ऊन-सावलीतून जाताना तसूभरही हलत नव्हते. त्या नजरेत नितेश कुठेतरी आहे का, हे ती शोधत होती. त्यात प्रेम नव्हतं, रागही नव्हता. ती नजर तिला ओळखीची होती. रोज संध्याकाळी तो दारातून आत आला की ती त्याच्याकडे बघायची, ती हीच.

"नितेश, चुकले मी," ती म्हणाली. "पुन्हा कधी नाय विचारणार. ऐकतोस का?"

"कोणाशी बोलतेस?" तो म्हणाला.

नागोठण्याकडची खिंड सुरू झाली. रस्ता वळू लागला, आणि अजून तरी मोटरसायकल त्याच्याबरोबर वळत होती, हाताच्या सवयीने. कुठूनतरी टँकरचं घरघरणं ऐकू आलं. प्रणिताने दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला.

"समोर बघ रे. एकदाच बघ. तुझ्या पाया पडते."

"तू कुठं बघतेस?"

"तुझ्याकडेच," ती म्हणाली. "तुझ्याकडेच बघतेय."

हॉर्न वाजला, अगदी जवळ. टँकर पुढून येतोय की मागून, डावीकडून की उजवीकडून, हे कळायला कुणीतरी रस्त्याकडे बघायला हवं होतं. दोघांनीही बघितलं नाही.